वडिलांची युद्धकाळातली लष्करी नोंद शोधताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात वडील किंवा आजोबा फौजेत होते असं सांगणारी घरं गावोगावी आहेत. ते इटलीत लढले, ब्रह्मदेशात होते, एकाहत्तरला ढाक्याच्या बाजूला गेले, एवढं घरात ठाऊक असतं. कुठली पलटण आणि कुठला नंबर, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मग नुसत्या नावावर अर्ज जातो आणि "नोंद आढळत नाही" असं उत्तर येतं. बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका. पुष्कळदा नोंद असते, अर्जच अपुरा गेलेला असतो.

नंबर न शोधता अर्ज करणे

रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी सांभाळणाऱ्या कचेरीचं, सगळं काम सर्व्हिस नंबरावर चालतं. एका नावाचे, एका आडनावाचे, एकाच तालुक्यातले कितीतरी शिपाई एका रेजिमेंटमध्ये असत. म्हणून आधी घर धुंडाळा: डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पेन्शनचं जुनं पासबुक, आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद. यातलं काहीच नसेल तर मेडल बघा. भारतीय सैनिकांच्या मेडलवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. गोल मेडलच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीवर ते सापडतं. खिडकीपाशी तिरप्या उजेडात, भिंग लावून वाचा आणि मोबाइलवर फोटो काढा. वाचण्याआधी पॉलिश मात्र लावू नका, घासून घासून अक्षरं जातात. डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशनही करू नका.

वडील शिपाई म्हणून लागले आणि स्वतंत्र भारतात नायब सुभेदार किंवा सुभेदार होऊन निवृत्त झाले, तर त्यांचे दोन नंबर असतात. जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झाल्यावर "जेसी"ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. अर्जात दोन्ही द्या. कागदावर "जमादार" दिसलं तर गोंधळू नका. १९६५ पर्यंत नायब सुभेदाराला जमादारच म्हणत.

इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच. लक्ष्मण, यशवंत, शिवाजी ही नावं भरतीच्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात आणि आडनाव गळालेलंही असतं. शक्य ती सगळी स्पेलिंगं, वडिलांच्या वडिलांचं नाव, गाव आणि भरतीचं अंदाजे वर्ष असं सगळं एका कागदावर मांडून जोडा.

"काळी पाचवी" म्हणजे पाचवी पलटण समजणे

या भागात ही चूक फार होते. मराठा लाइट इन्फन्ट्री १९२२ पासून भारतीय लष्करातली पाचवी इन्फन्ट्री रेजिमेंट होती. त्यामुळे महायुद्धातल्या कागदांवर १/५, २/५, ३/५ असं दिसतं. पहिला आकडा पलटणीचा, दुसरा रेजिमेंटचा. १/५ म्हणजे जंगी पलटण आणि २/५ म्हणजे काळी पाचवी.

पलटण चुकली की अख्खं युद्धच बदलतं. २/५ जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला पकडली गेली, म्हणजे त्या पलटणीतला माणूस युद्धकैदी असू शकतो. ३/५ इरिट्रियातल्या केरेनला लढली, पुढे इटलीत गेली. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ चा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत. ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या संगशाकला होती. शिवाय ३/५ चा वारसा आज पॅराशूट रेजिमेंटच्या २ पॅराकडे आहे. म्हणून पन्नाशीच्या दशकात त्या पलटणीत असलेल्यांची चौकशी बेंगळुरूच्या पॅराशूट रेकॉर्डकडेही करावी लागते.

सगळ्यांची चौकशी बेळगावच्या मराठा सेंटरला (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला) करणे

बेळगावचा माणूस म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचाच, असं नसतं. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअरांचं) खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, महार रेजिमेंटचं सागरला. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये असलेले तर विलीनीकरणापर्यंत भारतीय लष्करात नव्हतेच.

जिल्हा आजचा लिहिणे

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड बेळगाव जिल्ह्यात. १९४२ ला भरती झालेल्या चंदगडच्या माणसाचा पत्ता "जिल्हा बेळगाव, मुंबई प्रांत" असाच असणार. "कोल्हापूर, महाराष्ट्र" लिहिलं की जुळत नाही. दोन्ही पत्ते द्या: भरतीच्या वेळचा आणि आजचा.

फक्त सर्व्हिस फाइल मागणे

महायुद्धानंतर हजारो जवान पेन्शनविना घरी आले. पेन्शन नसलेल्याची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. त्यामुळे "फाइल नष्ट केली" हे उत्तर खरं असू शकतं. पण लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, ठेवला जातो. भरती आणि सेवामुक्तीसारखी मूळ माहिती त्यात मिळते. अर्जात स्पष्ट लिहा: शीट रोल (सेवेची वैयक्तिक नोंद) उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत द्यावी. हे एक वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

दुसरी वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. वडिलांनी किंवा आईने तिथे माजी सैनिक म्हणून नोंदणी किंवा मदतीचा अर्ज केला असेल, तर त्या जुन्या अर्जाला डिस्चार्जची प्रत जोडलेली असू शकते.

मेडलवरून लढाई ठरवणे

संग्राम मेडल १९७१ च्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार बघा. बर्मा स्टार किंवा इटली स्टारवरून रणक्षेत्र कळतं, गाव किंवा लढाई नव्हे. त्यासाठी पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, लागते. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये मध्यपूर्वेच्या डायऱ्या डब्ल्यूओ (WO) १६९, इटलीच्या १७० आणि ब्रह्मदेशाच्या १७२ या मालिकांत आहेत. त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पलटण त्या दिवशी कुठे होती हे कळतं.

युद्धात मरण पावलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत जिवंत परतलेल्यांची नावं नसतातच. युद्धात मरण पावलेल्या हिंदू सैनिकाची कबर बहुधा नसते, क्रिमेशन मेमोरियलवर (दहन झालेल्यांच्या स्मारकावर) किंवा इतर स्मारकांवर नाव बघा.

थेट माहिती अधिकारात जाणे

आधी संबंधित रेकॉर्ड ऑफिसला इंग्रजीत किंवा हिंदीत साधा अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि तुमचं ओळखपत्र जोडा. दाद लागली नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. "खासगी माहिती" म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा, त्यात २० वर्षांहून जुन्या बाबींना वेगळी तरतूद आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.