सिग्नलला गाडी बंद पडते? या चुका टाळा

ठाण्यातल्या कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते, एसी चालू असतो, टॅकोमीटरचा (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा ८०० वरून हळूहळू ५०० कडे घसरतो, स्टिअरिंगला हलकासा हादरा बसतो आणि इंजिन गप्प होते. मागून हॉर्न सुरू होतात. चावी फिरवली की गाडी एका स्टार्टरमध्ये सुरू होते आणि घोडबंदर रोडने मानपाड्यापर्यंत काही घडलेच नाही अशा थाटात धावते. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि गरम झालेले इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर अगदी थोड्या हवेवर तग धरून असते. त्यामुळे झडपेच्या कडेला साचलेली काजळी किंवा इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या) रबरी पाइपला गेलेली बारीक चीर एवढ्याशा हवेचे गणित बिघडवायला पुरते. रेस दिली की हवा कितीतरी पटींनी वाढते आणि तोच दोष तिच्यात झाकून जातो. म्हणूनच फक्त उभी असताना बंद पडणाऱ्या गाडीचा फ्युएल पंप आधी बदलणे ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे, कारण अशक्त झालेला पंप सहसा आधी गायमुखच्या चढावर किंवा ओव्हरटेक करताना कुरकुरतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ठाण्यातल्या एका गॅरेजच्या सल्ल्याने आधी पंप बदलला, मग एक इग्निशन कॉइल बदलली, तरी गाडी बंद पडतच राहिली. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडून, काहीही न खोलता, दोन मिनिटे नुसते ऐकले. पीसीव्ही व्हॉल्व्हकडून (इंजिनमधली वाफ पुन्हा इनटेकला सोडणाऱ्या झडपेकडून) इनटेकला जाणारा पाइप क्लॅम्पजवळ खालच्या बाजूने चिरला होता. पाइप वाकवल्याशिवाय ती चीर दिसत नव्हती, पण तिच्यावर बोट दाबले की फुसफुस थांबत होती आणि काटा जागेवर येत होता. ही गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) फवारण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. तो स्प्रे पेट घेतो, म्हणून ती टाळावी आणि गॅरेजमध्ये धुराची चाचणी (पाइपांत धूर सोडून गळती शोधणे) करता येत असेल तर तीच करून घ्यावी.

गॅरेजला जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस गाडी नेमकी केव्हा बंद पडते याची नोंद ठेवावी, कारण ‘कधीकधी बंद पडते’ एवढ्यावर मेकॅनिकला अंदाजच बांधावा लागतो. सकाळी इंजिन थंड असतानाच त्रास होत असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासण्याच्या यादीत वर येतो, तर एसीचा कॉम्प्रेसर लागताक्षणी इंजिन गचके खात असेल तर थ्रॉटल बॉडी आणि जुन्या गाड्यांतील आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आधी पाहावेत. मिसिंग (इंजिनचा एखादा सिलिंडर मध्येच न पेटणे) जाणवत असेल तर प्लग काढून पाहणे स्वस्तातले काम आहे.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर असल्यामुळे पेट्रोलवर चालवून पाहणे ही पहिली चाचणी असायला हवी, आणि नेमकी तीच राहून जाते. पेट्रोलवर आयडल स्थिर आणि गॅसवर डळमळीत असेल तर संशय किटवर जातो: गॅस फिल्टर, इंजेक्टर किंवा गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर. सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा दाब उतरताना गॅस खूप थंड होतो, म्हणून रिड्यूसरला कूलंटची ऊब दिलेली असते. कूलंट कमी झाले की तो गारठतो आणि दाब डळमळतो. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच पाहावी. सीएनजी मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेले प्लग पेट्रोलवर निभावून नेतात आणि गॅसवर उघडे पडतात. किटमध्ये मात्र स्वतः हात घालू नये. दुसरीकडे, पेट्रोल महिनोन्महिने रिझर्व्हवर ठेवून केवळ गॅसवर फिरणाऱ्यांची गाडी पेट्रोलवर बंद पडली तर त्यात नवल नाही.

थ्रॉटल बॉडीची सफाई घरी जमण्यासारखी आहे, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन चालू ठेवून बोटाने ढकलू नये, कारण आतले दाते दुखावतात. क्लीनर कापडावर घेऊन कडा पुसाव्यात आणि त्यानंतर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे आयडल रीलर्न करावे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावे. ते न केल्याने सफाईनंतर आयडल बिघडते आणि विनाकारण नवा थ्रॉटल गळ्यात पडतो.

चेक इंजिनचा दिवा विझवायला बॅटरीची तार काढणे म्हणजे पुरावा पुसून टाकणे, कारण त्यासोबत नोंदलेले बिघाडाचे कोडही बहुधा जातात. कोड आधी स्कॅनरने वाचून लिहून घ्यावेत. पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. हे लक्षणाचे नाव आहे, बदलायच्या भागाचे नव्हे. पी०१७१ दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलणारे बहुधा चिरलेला पाइप तसाच ठेवतात.

दुरुस्ती होईपर्यंत सिग्नलला सतत रेस देत राहण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. ठाणे-बेलापूर रोडवर वेग कमी करताना इंजिन बंद पडले तर ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. अशा वेळी ब्रेक पंपिंग न करता एकदाच जोर लावून दाबून ठेवावा, हॅझर्ड दिवे लावून गाडी डावीकडे घ्यावी आणि ती थांबेपर्यंत चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. गाडी दुरुस्त होऊन आली की एसी आणि हेडलाइट लावून दहा मिनिटे उभी ठेवावी, एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर, आणि पैसे देण्यापूर्वी काट्याकडे पाहावे.