आधी लक्ष, मग कृतज्ञता: रोजच्या धावपळीत करता येईल असा सराव

कृतज्ञतेची वही मोठ्या उत्साहाने सुरू होते आणि काही आठवड्यांत खणात जाऊन पडते, हे अनेकांच्या बाबतीत घडते. पहिल्या पानावर ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ असे लिहिलेले असते, पुढच्या पानावरही तेच येते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लिहिणाऱ्यालाच ते शब्द पोकळ वाटू लागतात. लिहिणारा आळशी असतो असे नाही. माझ्या मते त्याचा क्रम चुकलेला असतो. दिवसभरात जे धड पाहिलेच नाही, त्याबद्दल रात्री आभार तरी कसे मानणार? म्हणून सजगतेचा, म्हणजे आत्ता जे घडते आहे त्याकडे लक्ष देण्याचा सराव आधी करावा आणि त्याच्या पाठोपाठ कृतज्ञतेकडे वळावे.

मन भटकते, याचा अपराधीपणा बाळगण्याचे कारण नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2,250 प्रौढांना फोनवरून दिवसातल्या कोणत्याही वेळी ‘आत्ता काय करता आहात आणि मनात काय चालले आहे’ असे विचारले, तेव्हा जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. शिवाय मन भरकटलेले असताना माणसे एरवीपेक्षा कमी आनंदी असल्याचेही दिसले. भटकणे हा मनाचा स्वभाव आहे, हे एकदा मान्य केले की सराव पुष्कळ सोपा होतो, कारण मग मन रिकामे करण्याची अशक्य अट आपोआप गळून पडते.

सुरुवातीला रोजचे एकच काम निवडावे आणि ते आधीपासून अंगवळणी पडलेले असावे. उदाहरणार्थ, कप विसळणे. पाणी हाताला लागते तेव्हा ते प्रथम बोटांच्या टोकांना गार लागते की कोमट, कपाच्या कडेवरून फिरणाऱ्या अंगठ्याला कुठे गुळगुळीत लागते आणि कुठे एखादा बारीक टवका जाणवतो, फेस निघून गेल्यावर पाण्याचा आवाज बदलतो का, एवढेच पाहायचे. तेवढ्यात उद्याच्या बैठकीचा विचार येईल, येऊ द्यावा. ‘विचार आला’ अशी मनाशी नोंद करून लक्ष पुन्हा हातांकडे आणावे. हे परत आणणे हाच खरा व्यायाम आहे, आणि दोन मिनिटांत तो दहा वेळा करावा लागला तर सराव फसला असे न समजता तो दहा वेळा झाला असे समजावे. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या आणि पुढे आठ आठवड्यांचा म्हणून प्रसिद्ध झालेल्या सजगतेच्या अभ्यासक्रमातही एक बेदाणा हातात घेऊन तो पाहणे, हुंगणे आणि सावकाश चावणे असा अगदी साधा पाठ असतो.

वेगळा वेळ काढू म्हटले की तो निघत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशी गाठ मारून ठेवावी: फोन वाजला की उचलण्यापूर्वी एक पूर्ण श्वास, किंवा संगणक सुरू होईपर्यंत पावलांना जमिनीचा स्पर्श जाणवतो का ते पाहणे. नुसता निश्चय करण्यापेक्षा असा संकेत ठरवून ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आठवडाभर एवढे जमले की वही उघडावी. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी नीट पार पडलेल्या तीन गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येक गोष्ट कशामुळे घडली हेही लिहिले. त्याचा चांगला परिणाम पुढे सहा महिन्यांपर्यंत दिसला. यातला ‘कशामुळे’ हा भाग लोक हमखास गाळतात आणि नोंदीतला जीव तिथेच जातो. ‘सहकारी चांगले आहेत’ ही नोंद कोणत्याही दिवशी लिहिता येईल. त्याऐवजी असे लिहावे: ‘अहवालातली बेरीज चुकली होती. तिने ती सगळ्यांसमोर न काढता माझ्या टेबलापाशी येऊन हळूच दाखवली. तिला स्वतःचे काम उरकायचे होते, तरी ती थांबली.’ अशी नोंद त्याच दिवसाची असते, दुसऱ्या दिवशी तिची नक्कल करता येत नाही, आणि ती लिहिता यावी म्हणून दिवसा डोळे उघडे ठेवावे लागतात. सजगतेचा उपयोग नेमका इथे होतो.

रोज लिहावे की आठवड्यातून एकदा, यावर अभ्यासांचे एकमत नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना अधिक लाभ झाला. माझे मत असे की पहिला आठवडा रोज लिहून हात बसवावा आणि नंतर आठवड्यातून एक-दोनदाच लिहावे, कारण चांगल्या गोष्टीचीही सवय होऊन ती दिसेनाशी होते आणि वहीही त्याला अपवाद नाही. नोंदी शिळ्या वाटू लागल्या तर उलट बाजूने जावे: आज ज्या व्यक्तीवाचून चालत नाही, ती कधी भेटलीच नसती तर काय झाले असते, हे दहा ओळींत लिहावे. जोडीदार कसा भेटला हे लिहिणाऱ्यांपेक्षा तो भेटलाच नसता तर, हे लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान वाटल्याचे 2008 च्या एका संशोधनात दिसले आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अन्याय, छळ किंवा ताजे दुःख यांवर कृतज्ञतेचे पांघरूण घालू नये, आणि दुसऱ्याला तर ‘जे आहे त्यात समाधान मान’ असे कधीच सांगू नये. डोळे मिटून श्वासाकडे पाहताना जुन्या आघाताच्या आठवणी उसळत असतील, तर डोळे उघडे ठेवून बाहेरच्या आवाजांकडे लक्ष द्यावे. त्रास वाढला तर सराव थांबवावा. दीर्घकाळ उदास वाटत असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. वही हा उपचाराला पर्याय नाही.

वहीत साठलेली कृतज्ञता संबंधित माणसापर्यंत पोहोचवणे ही पुढची पायरी असून, तिथेच बहुतेक जण संकोचतात. समोरच्याला अवघडल्यासारखे होईल, आपले शब्द तोकडे पडतील, असे वाटते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या 2018 मधील प्रयोगांत आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्याच्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त बांधला होता आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा कमी. पत्रात तीन गोष्टी असाव्यात: त्या व्यक्तीने नेमके काय केले, त्यासाठी तिला काय सोसावे किंवा सोडावे लागले, आणि त्यामुळे आपल्या आयुष्यात काय बदलले. विशेषणे जितकी कमी तितके बरे. पत्रात कोणतेही काम सांगू नये, उत्तराची अपेक्षा ठेवू नये, आणि शक्य असेल तर ते पाठवण्याऐवजी समोर बसून वाचून दाखवावे.