कोल्हापुरात पॉइंट गार्ड कशी घडवायची, हाना होराकोवाचं करिअर समोर ठेवून

आपल्याकडं बॉल म्हटलं की फुटबॉल, पेठापेठांतल्या तालमी आणि शाहू स्टेडियम. पण बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरीबी आहेत इथं, चांगल्या खेळतात, आणि दहावी-बारावी आली की बूट माळ्यावर जातात. हे बघून जीव तुटतो म्हणून त्या पोरींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी लिहितेय.

आधी हाना होराकोवाचं करिअर नीट बघा. चेक रिपब्लिकची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन टीमचा खेळ चालवणारी, जन्म १९७९ चा. २००५ ला युरोपियन चॅम्पियनशिपचं गोल्ड, २००६ ला ब्रनोच्या क्लबनं युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली त्यात ती, आणि २०१० ला वर्ल्ड चॅम्पियनशिप तिच्याच देशात झाली, फायनलला कार्लोवी वारीत अमेरिकेनं ८९-६९ नं हरवलं तरी अख्ख्या स्पर्धेची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, हानाच. तिशीला आलेली बाई! गार्डची खरी ताकद डोक्यात असते आणि ते डोकं तयार व्हायला वर्षं लागतात, मग सतराव्या वर्षी खेळ सोडला तर काय हाती लागणार?

आता बॉल. शाळेत बऱ्याचदा पोरांचाच सात नंबरचा बॉल पोरींच्या हातात देतात. मुलींचा सहा नंबरचा असतो, लहान पोरींना पाच. मोठा बॉल रेटायला पोरगी खांद्यातून फेकायला लागते आणि एकदा का शॉट असा बसला की सुधारता सुधारत नाही, तेव्हा आधी बॉल बदला.

ड्रिबल करताना मान वर पाहिजे. समोर मैत्रिणीला उभं करा, तिनं बोटं दाखवायची, तुम्ही डाव्या हातानं ड्रिबल करत आकडा ओरडायचा. पहिले काही दिवस बॉल पायावर आपटून पळतो, पळू दे, पण खाली बघायचं नाही. हे जमलं की मोबाईलवर २४ सेकंद लावा, मॅचमध्ये तेवढ्यात शॉट मारावाच लागतो, आणि ती वेळ मोजणारा शॉट क्लॉक शाळेच्या ग्राउंडवर कुठला असायला. ८ सेकंदांच्या आत मधली लाईन ओलांडायची, पहिला पास द्यायचा, आणि शेवटच्या पाच-सहा सेकंदांत घाई न करता शॉट कुणाला द्यायचा ते ठरवायचं, गार्डचं सगळं कसब इथंच दिसतं बघा.

मॅच बघायची ती अशी बघा. प्रागच्या यूएसके क्लबच्या मॅच शोधा, त्यांनी २०१५ आणि २०२५ ला युरोलीग जिंकलीय. बॉल कुठं चाललाय ते सोडून द्या, एक क्वार्टर, म्हणजे मॅचचा चौथा भाग, फक्त गार्डकडं बघा, पास दिल्यावर ती कुठं पळते ते वहीत लिहा.

तिकडं युरोपात आठवड्याच्या मध्ये युरोलीग आणि शनिवार-रविवारी देशातली लीग, म्हणजे दोन मॅचच्या मध्ये शरीर सावरायला वेळ ठेवावाच लागतो. आपल्याकडं जिल्हा स्पर्धा जवळ आली की प्रॅक्टिस डबल, तेही सिमेंटवर. उलटं करा, शेवटचे दोन दिवस हलकं ठेवा. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतायत का ते कोचनं समोर उभं राहून बघावं, पोरींच्या गुडघ्यातली लिगामेंट मुलांपेक्षा जास्त तुटते. आणि प्रॅक्टिस झाल्या झाल्या दूध, अंडी, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे.

घरचे म्हणतील, हे सगळं तिकडच्या पोरींचं. मग त्यांना आपल्या तेजस्विनी सावंतचं सांगा, त्याच २०१० साली म्युनिकमध्ये रायफल शूटिंगची वर्ल्ड चॅम्पियन झाली, तीही तिशीच्या जवळच होती. बारावीत प्रॅक्टिस आठवड्यातून तीन दिवसांवर आणा पण बंद करू नका, आणि कॉलेजची ॲडमिशन घ्यायच्या आधी तिथल्या जिमखान्यात जाऊन मुलींची बास्केटबॉल टीम विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरते का ते सरांना तोंडावर विचारा.