ऑफिसातल्याच सर्व्हरवर सगळ्यांसाठी एक फोल्डर : मिनिओ, रेडिस, ज्यूसएफएस

ड्रॉइंग डिझाइनवाल्याकडे एक आणि मशीनवर दुसरंच, असं झालं की कास्टिंग वाया जातं, हे बेळगावच्या उद्यमबागेत कुणाला सांगायला नको. सगळ्यांना एकच फोल्डर दिसावा आणि पावसात नेट गेलं तरी तो उघडावा, यासाठी साठा ऑफिसातच ठेवा. काम तीन प्रोग्राम वाटून घेतात: मिनिओ डेटा डिस्कवर साठवतो, रेडिस कुठली फाइल कुठे याची नोंद ठेवतो, आणि ज्यूसएफएस दोन्ही जोडून प्रत्येक मशीनवर एकच फोल्डर दाखवतो. लिनक्सचा एक सर्व्हर, ४ टीबीच्या ४ डिस्क, गिगाबिट स्विच आणि यूपीएस एवढं पुरतं.

आधी मिनिओ. चारही डिस्क एक्सएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये वेगवेगळ्या फॉरमॅट करा. रेड करू नका, म्हणजे डिस्क एकत्र जोडू नका; पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत उभा करायची जादा माहिती) मिनिओच सांभाळतो. त्यात निम्मी जागा जाते, हाती साधारण ८ टीबी उरतात. पण दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचता येतो. मग एक रिकामी बकेट (मिनिओतला साठवणीचा कप्पा) आणि तिच्यापुरतीच की (प्रवेशाची किल्ली) तयार करा.

रेडिस बसवताना घाई नको. ज्यूसएफएस प्रत्येक फाइलीचे जास्तीत जास्त ४ एमबीचे तुकडे करून बकेटमध्ये टाकतो. बकेट उघडून पाहा: 'पंप-हाउसिंग' हे नाव कुठेच सापडणार नाही, नुसते आकडे. कुठला तुकडा कुठल्या फाइलीचा, हे रेडिसलाच ठाऊक. तो गेला की बकेटमधला डेटा असून नसल्यासारखा. म्हणून एओएफ (प्रत्येक बदल डिस्कवर लिहून ठेवणं) चालू करा, मेमरीचं धोरण 'नोएव्हिक्शन' (मेमरी भरली तरी नोंदी न पुसणं) ठेवा, पासवर्ड लावा. मेमरी फार लागत नाही, १० लाख फायलींना ३०० एमबीच्या आसपास.

आता ज्यूसएफएसचं फॉरमॅट, म्हणजे बकेट आणि रेडिस जोडून फाइल सिस्टिम तयार करणं. सर्व्हरवरच बसून काम करताना बकेटचा पत्ता 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') दिला जातो, आणि तिथेच घोळ होतो. तो पत्ता रेडिसमध्ये नोंदला जातो. मग दुसऱ्या मशीनवर फायलींची नावं दिसतात, पण फाइल उघडत नाही, कारण ते मशीन मिनिओला स्वतःतच शोधत बसतं. सर्व्हरचा स्थिर आयपी आणि पोर्ट ९००० द्या.

माउंटसाठी, म्हणजे हा फोल्डर प्रत्येक मशीनवर जोडण्यासाठी, लिनक्सवर फ्यूज, विंडोजवर विनएफएसपी हे सॉफ्टवेअर हवं. एसएसडी लहान असेल तर कॅश (मशीनवर राहणारी तात्पुरती प्रत) २० जीबीवर बांधा. 'राइटबॅक' सुरू करू नका: त्यात फाइल आधी त्याच मशीनच्या डिस्कवर थांबते, आणि ती डिस्क बिघडली तर काम गेलं.

एका मशीनवर फाइल सेव्ह करून बंद करा, दुसऱ्यावर उघडून पाहा. बंद केल्यावरच बदल दुसऱ्याला खात्रीने दिसतो. एकाच ड्रॉइंगवर दोघं एकदम बसू नका, एकाचं काम पुसलं जाईल.

रोज रात्री मेटाडेटाचा, म्हणजे रेडिसमधल्या नोंदींचा, 'डंप' (पूर्ण प्रत) काढून वेगळ्या मशीनवर न्या. लाईट गेली आणि यूपीएस संपत आला, तर आधी सगळीकडे अनमाउंट, मग रेडिस बंद, शेवटी मिनिओ.