ट्यूब हेडफोन अँप घेताय? आधी हीटरचा व्होल्टेज बघा की

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी ट्यूबचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्वचा, हेडफोन अँप (अँप्लिफायर) करायला घेतला की पहिला प्रश्न एकच, कुठली ट्यूब गोड वाजते? ते नंतर बघू हो. आधी मल्टीमीटर काढा आणि घरातल्या सॉकेटचा व्होल्टेज मोजा, एकदा शेतातले पंप चालू असताना आणि एकदा मध्यरात्री, फरक दिसेल. हीटर म्हणजे ट्यूबला आतून तापवणारी तार, तिला २३० व्होल्टला ६.३ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर २५० ला साधारण ६.८५ देतो आणि १९० ला ५.२ वर येतो, आणि हीटरला वरखाली १० टक्केच चालतं म्हणजे ५.७ ते ६.९. जास्त झालं तर ट्यूबचं आयुष्य कमी, कमी पडलं तर आवाज मलूल. म्हणून महागडी जुनी ट्यूब घ्यायच्या आधी बरा स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर हीटरला रेग्युलेटेड डीसी द्या. मोजायचं ते ट्यूब लावून, गरम झाल्यावर, ट्यूबच्या रिकाम्या सॉकेटवर आकडा जास्तच दिसतो.

आता ट्यूबची अदलाबदल. १२एयू७ आणि ६डीजे८ दोन्ही ९ पिनच्या, सॉकेटात आरामात बसतात आणि इथंच घोळ होतो. १२एयू७ चा हीटर पिन ४-५ वर १२.६ व्होल्ट, मधला टॅप (हीटरच्या मध्यावरचं जोड) पिन ९ वर. ६डीजे८ चा ४-५ वर ६.३ आणि ९ ला नुसता शिल्ड. १२.६ च्या वायरिंगमध्ये ६डीजे८ घातली तर हीटर गेलाच समजा. ६एन१पी पिनला जुळते पण ०.६ अँपियर ओढते, ६डीजे८ ला ०.३६५ पुरतात, तेव्हा ट्रान्सफॉर्मरला झेपतंय का बघा.

प्लेटचंही, म्हणजे ट्यूबमधल्या जास्त व्होल्टेजच्या टोकाचंही, तसंच. ६डीजे८ ला ९० व्होल्ट, १५ मिलिअँपियर छान, १३० ही तिची मर्यादा, १२एयू७ मात्र २५० वर खुशाल चालते. स्वस्तातले २४ व्होल्टवाले हायब्रिड अँप वाईट नसतात, पण त्यात हेडफोनला जोर ट्रान्झिस्टर नाहीतर ऑपअँप (अँपची चिप) देतो, ट्यूब फक्त थोडी चव घालते, त्यात ट्यूबवर पैसे उधळणं मला पटत नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला ६एएस७ ट्यूबचा अँप ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी६५० हेडफोनला मस्त, ३२ ओहमला नको. १०० मायक्रोफॅरडचा आउटपुट कपॅसिटर ३०० ओहमला ५ हर्ट्झपर्यंत उतरतो, ३२ ला ५० लाच बास ढासळायला लागतो.

आणि भावा, वायर काढली तरी कपॅसिटरात २००-३०० व्होल्ट डीसी राहतो, तो जीव घेऊ शकतो, म्हणून ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर रिकामा करणारा) घालाच, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात नको. चासी (अँपचा धातूचा सांगाडा) बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपातून करून घ्या, तिला अर्थिंग घट्ट. चालू केल्यावर मिनिटभर थांबून मगच हेडफोन लावा, नाहीतर कपॅसिटर चार्ज होताना कानात धप्प करून आवाज येतो.