फॅफ्सात जुना पगार धरला होता, मग अपील केलं

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी सीनियर इयरला, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायचा फॉर्म, भरला आणि एसएआय (कुटुंबाची ऐपत दाखवणारा आकडा, तो मोठा तर मदत कमी) एवढा मोठा आला की पोटात गोळाच आला, कारण २०२५-२६ च्या फॉर्ममध्ये उत्पन्न २०२३ चं धरलं होतं आणि ह्यांची नोकरी तर २०२४ मध्ये गेलेली! फॉर्ममध्ये हे सांगायला जागाच नाही.

मग मुलीच्या स्कूल काउन्सेलर म्हणाल्या की कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला थेट लिहा, 'प्रोफेशनल जजमेंट' मागा, म्हणजे बदललेली परिस्थिती बघून मदतीचा हिशेब पुन्हा करा म्हणा, तो अधिकार त्यांना कायद्यानेच आहे. आम्ही एका पानाचं साधं पत्र लिहिलं, सोबत लेऑफ लेटर, शेवटची पे स्लिप, अनएम्प्लॉयमेंटचे कागद. रडगाणं नाही, फक्त तारखा आणि आकडे. हे प्रत्येक कॉलेजला वेगळं पाठवावं लागतं हं, एकाने मान्य केलं म्हणून दुसरं करेलच असं नाही.

तीन आठवड्यांनी एका कॉलेजने ग्रँट वाढवून दिली, लोन नाही, ग्रँट! परत न फेडायचे पैसे. दुसऱ्याने नाही म्हटलं.

आणि ऑफर लेटर आलं की ग्रँट, लोन आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून कमवायचे पैसे) वेगवेगळे मांडून बघा, सगळ्याची एकच बेरीज दाखवतात तिथे आम्ही आधी फसलो होतो.