स्वस्तातला लॅपटॉप घेताय? या चुका करून माझ्याकडे येऊ नका

कापसाचे पैसे हातात आले की एकदा, आणि जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की एकदा, असे वर्षातून दोन वेळा माझ्या टेबलावर नवेकोरे लॅपटॉप येतात. दुरुस्तीला! झाकणावरचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं आणि तक्रार ठरलेली: 'भो, हँग होतो.' जळगावात इतकी वर्षं हेच काम करतोय, आता बॅग उघडण्याआधीच मला आतला माल कळतो.

'मोबाइलमध्येपण चौसष्टच असतं की'

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चोपडा तालुक्यातले एक आबा. मुलीला सिव्हिल डिप्लोमाला प्रवेश मिळाला, केळीचे पैसे आले होते, आणि पुतण्याने रात्री बारा वाजता ऑनलाइन सेलमधून लॅपटॉप मागवला. सेलेरॉन एन ४०२० हा साधा, स्वस्त प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आणि साठवणीला ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे मोबाइलसारखी स्वस्त, हळू चिप. चौसष्टवर मी तोंड वाकडं केलं तेव्हा पुतण्याने मला वरचं वाक्य ऐकवलं.

आता हिशेब बघा. खोक्यावर ६४ लिहिलेलं विंडोजमध्ये ६० सुद्धा दिसत नाही. त्यातला मोठा वाटा विंडोजच अडवून बसते. मग अपडेट येतं. ते आधी उतरवायला जागा लागते, उलगडायला आणखी जागा लागते. जागा नसली की अपडेट अर्ध्यावर पडतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू होतं. प्रोसेसरला कोअर दोनच, ते दिवसभर त्यातच गुंतलेले. लोक त्याला 'हँग' म्हणतात. शेजारी म्हणत राहिले, 'अपडेट होऊ द्या, मग सुधारेल.' त्यात बदलून घ्यायची मुदत निघून गेली.

वर मुलीला चालवायचं होतं ऑटोकॅड, नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. त्याला कंपनीच्याच यादीत किमान ८ जीबी रॅम लिहिलेली आहे. सबमिशनला दोन दिवस उरले तेव्हा आबा लॅपटॉप रुमालात गुंडाळून एसटीने आले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'आते काय करानं, भाऊ?'

मी खालचं झाकण काढलं. आत बॅटरी, आणि तळहाताएवढा मदरबोर्ड. रॅम बोर्डावरच झाळलेली (सोल्डर केलेली), ईएमएमसीही झाळलेली, एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, बसवायला एम.२ ची खाच (स्लॉट)च नाही. म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं. पेनड्राइव्ह लावून त्यावर जागा देऊन अपडेट एकदाचं पुरं केलं, सुरू होताना आपोआप चालणारी फालतू सॉफ्टवेअरं बंद केली, कचरा काढला. लॅपटॉप उठून बसला, पण ऑटोकॅडच्या नावाने शून्य. विंडोजऐवजी फुकटचं, हलकं लिनक्स टाकून दिलं असतं, पण ऑटोकॅड लिनक्सवर येतच नाही. पोरीने शीट्स कॉलेजच्या लॅबमध्ये बसून काढल्या.

म्हणून माझी सवय सांगतो. दुकानात पैसे द्यायच्या आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जायचं आणि खाली 'फॉर्म फॅक्टर' वाचायचं. 'सोडिम' दिसलं तर रॅम बहुतेक वेळा काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती झाळलेली आहे, जेवढी आहे तेवढ्यावरच जन्म काढायचा. 'नंतर वाढवून देऊ ना' असं दुकानदार म्हणाला तर रिकामा स्लॉट कुठे आहे ते दाखवायला सांगा. झाळलेली रॅम ८ असेल तर मी चालवून घेतो, ४ असेल तर दुकानातून उठतो. आणि साठवणीपुढे ईएमएमसी लिहिलं असेल तर किंमत विचारायचीच नाही.

'आय फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या'

सेकंडहँड घेणाऱ्यांची ही लाडकी चूक. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं आय फाइव्ह हे आडनाव झालं, वय त्यापुढच्या आकड्यात असतं. आय फाइव्ह-३३२० एम म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा माल. आय फाइव्ह-८२५० यू ही आठवी पिढी, २०१७ ची. विंडोज ११ इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सहाव्या पिढीचा 'आय फाइव्ह' स्वस्त का मिळतोय ते कळलं ना? 'जुगाड करून अकरा टाकून देतो' म्हणणारे भेटतील. मीही टाकू शकतो. टाकत नाही, कारण पुढच्या मोठ्या अपडेटला अडलं की गिऱ्हाईक मलाच शिव्या घालतं.

इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी एएमडी, तिचे आकडेही फसवतात. रायझन ३ ७३२० यू मध्ये पहिला ७ बघून लोक खूश होतात. खरी गोष्ट तिसऱ्या आकड्यात आहे: तिथला २ म्हणजे आतली रचना झेन २, जुनी.

असं असूनही २०,००० च्या आतबाहेर बजेट असेल तर मी नव्या सेलेरॉनपेक्षा कंपन्यांमधून निघालेला आठव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉपच सुचवतो. रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते, कीबोर्डही मिळतो. फक्त बॅटरीचा रिपोर्ट काढून बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ (/), आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, म्हणजे powercfg /batteryreport. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी धरा. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे आधीच किमतीतून कापून घ्या.

आपलं ऊन

स्वस्त लॅपटॉपपैकी बऱ्याचशांत पंखाच नसतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून वापरला तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ती खराबी नव्हे. फळीवर ठेवा, सकाळी काम उरका. पंखा असलेल्यात कापसाची तुसं अडकतात. जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा साफ करून घ्यावा. घरी सुरीने झाकण उचकटू नका. यूट्यूब बघून उघडलेले आणि कीबोर्डची आतली पट्टी (चपटी वायर) तुटलेले लॅपटॉप माझ्याकडे चिक्कार येतात, आणि त्यांची घाई मला परवडते, तुम्हाला नाही.

चार्जरची तिसरी पिन तोडू नका. हाताला मुंग्या येतात त्या अर्थिंग नसल्यामुळे.

'रॅम वाढवणारं' सॉफ्टवेअर थोतांड आहे.

विंडोज एस मोडमध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर चढत नाही; तो फुकट काढता येतो, दुकानदाराला पैसे देऊ नका.

वॉरंटी घेताना सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की नाशिकला न्यावं लागेल, ते विचारा.

नुसते फॉर्म भरायचे, पीडीएफ वाचायच्या, लेक्चर बघायची असतील तर ८ जीबी आणि खरी एसएसडी असलेला इंटेल एन १०० प्रोसेसरवाला लॅपटॉप पुरतो. तो मी हौसेने सुचवत नाही, पण अडवतही नाही. चोपड्याच्या त्या पोरीला पुढच्या हंगामात वापरलेला आठव्या पिढीचा घेऊन दिला. जुनं डबडं आबांनी ठेवून घेतलं. त्यावर ते सकाळी रावेरचे केळीचे भाव बघतात आणि रात्री कीर्तन लावतात. परवा फोन आला होता, 'भाऊ, ते परत अपडेट मागी ऱ्हायनं.'